सुपरमार्केटची गिफ्ट कार्डं: काही महिने वापरल्यावर हातात उरलेला हिशोब

आधी निकाल सांगते, मग कारणं. सुपरमार्केटची गिफ्ट कार्डं सवलतीत विकत घ्यायची आणि त्यावर घरचंच सामान भरायचं, हा प्रकार चालतो. पैसे वाचतात, यात शंका नाही. पण कागदावर जेवढा फायदा दिसतो त्याच्या निम्म्याहून कमी माझ्या पदरात पडला. आणि गंमत म्हणजे, क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांमागे धावणाऱ्या माझ्यासारखीला यातून कमी मिळतं आणि साध्या डेबिट कार्डाने बिल भरणाऱ्या माझ्या नवऱ्याला जास्त.

ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या सुपरमार्केटांची गिफ्ट कार्डं थेट दुकानातून घेतली तर सहसा दर्शनी किमतीलाच मिळतात. तीच कार्डं नोकरीच्या ठिकाणचं सवलतींचं पोर्टल, एखादी सदस्यता योजना, कॅशबॅक अ‍ॅप किंवा कार्डं विकणारी संकेतस्थळं यांच्याकडे थोडी स्वस्त मिळतात. म्हणजे शंभराचं कार्ड शहाण्णवला. कोड मेलवर येतो, तो अ‍ॅपमध्ये साठवायचा आणि बिल भरताना दाखवायचा. कार्ड विकत घेताना क्रेडिट कार्ड वापरलं तर त्याचे पॉइंट मिळतात. पुढे दुकानात सामान घेताना दुकानाच्या स्वतःच्या योजनेचे पॉइंटही मिळतात, कारण बिलिंग मशीनच्या लेखी गिफ्ट कार्ड म्हणजे पैसे देण्याचा आणखी एक मार्ग, बस. त्यामुळे त्या आठवड्याच्या ऑफर, कूपन, सदस्यांसाठीचे दर, सगळं जसंच्या तसं लागू होतं. सूट, क्रेडिट कार्डाचे पॉइंट, दुकानाचे पॉइंट, असे तीन थर एकावर एक. ऐकायला फारच छान.

आता आकडे. चार टक्के सूट धरा. शंभराचं कार्ड शहाण्णवला घेतलं, म्हणजे ४ वाचले. क्रेडिट कार्डाने त्या शहाण्णववर १ टक्का दिला, म्हणजे ०.९६. दुकानाचे पॉइंट अर्धा टक्का धरले तर ०.५०. बेरीज ५.४६. सुरुवातीला मीही हीच बेरीज करत होते आणि जिकडेतिकडे लोक हीच बेरीज मिरवताना दिसतात.

यात गोची अशी की गिफ्ट कार्ड नसतं तरी यातलं काही ना काही मिळतच होतं. दुकानाचे पॉइंट तर तसेही मिळाले असते, त्यामुळे ते ०.५० वजा. शिवाय माझं क्रेडिट कार्ड सुपरमार्केटमधल्या खरेदीवर ३ टक्के देतं, पण सवलतीच्या पोर्टलवर केलेल्या खरेदीवर फक्त १. म्हणजे गिफ्ट कार्डाच्या वाटेने गेले तर ४.९६ आणि सरळ काउंटरवर क्रेडिट कार्ड पुढे केलं असतं तर ३. फरक १.९६. पाच टक्क्यांच्या वर म्हणून ज्याचा गवगवा, तो खरा फायदा दोन टक्क्यांच्या आत.

नवऱ्याला पॉइंटांचं सोयरसुतक नाही. तो डेबिट कार्डाने बिल भरायचा आणि त्यावर त्याला काहीच मिळत नव्हतं. त्याने त्याच डेबिट कार्डाने गिफ्ट कार्ड घेतलं तेव्हा त्याचे चारच्या चार वाचले, कारण त्याचं बुडणारं काही नव्हतंच. म्हणून कुणी विचारलं की हे करू का, तर माझा पहिला प्रश्न असतो: सध्या बिल कशाने भरता?

क्रेडिट कार्डाचा दर असा का बदलतो, हे समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. कार्डाने पैसे स्वीकारणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला व्यवसायानुसार चार आकडी कोड दिलेला असतो. किराणा आणि सुपरमार्केटचा कोड ५४११. भेटवस्तू आणि शुभेच्छापत्रांच्या दुकानांचा ५९४७. बँकेला तुमच्या पिशवीत काय आहे ते सहसा कळत नाही, पैसे कोणत्या कोडच्या व्यापाऱ्याकडे गेले एवढंच कळतं. तुम्ही सुपरमार्केटचंच कार्ड घेतलंत, पण ते एखाद्या संकेतस्थळावरून, तर बँकेच्या दृष्टीने ती किराणा खरेदी नाही. काही बँका तर गिफ्ट कार्ड आणि वॉलेटमध्ये भरलेल्या पैशांवर पॉइंटच देत नाहीत. ते नियमावलीत अगदी खाली कुठेतरी लिहिलेलं असतं. पहिलं कार्ड अगदी लहान रकमेचं घ्या आणि स्टेटमेंटमध्ये पॉइंट किती पडले ते बघा. माझ्या बाबतीत एका विक्रेत्याकडे १ टक्का पडला आणि दुसऱ्याकडे शून्य.

याच कोडचा उलटा उपयोगही लोक करतात. सुपरमार्केटमध्ये इतर ब्रँडची कार्डंही टांगलेली असतात: कपडे, इलेक्ट्रॉनिक्स, सिनेमा, प्रवास. ती तिथून घेतली की व्यवहार सुपरमार्केटच्या कोडखाली जातो आणि किराण्याचा चढा दर मिळतो. म्हणजे फ्रिज घ्यायचा आहे, पण बँकेला वाटतं घरात धान्य भरलं. शिवाय दुकानं अधूनमधून ठरावीक ब्रँडच्या कार्डांवर दुकानाचे दहापट किंवा वीसपट पॉइंट देतात. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत घसघशीत फायदा इथे झाला, रोजच्या किराण्यात नाही. घरात एखादी मोठी वस्तू घ्यायचीच होती, ऑफर येईपर्यंत थांबलो, त्या दुकानाची कार्डं सुपरमार्केटमधून उचलली. अशी संधी वर्षातून क्वचितच येते आणि ती वस्तू खरंच घ्यायची असेल तरच उपयोग.

पॉइंटांची किंमत किती असते याबद्दल लोकांच्या कल्पना फार उदार असतात. काही नावाजलेल्या योजनांचे आकडे बघा. ब्रिटनमधल्या टेस्कोच्या क्लबकार्डात १ पौंड खर्चाला १ पॉइंट आणि १०० पॉइंटांचा १ पौंड, म्हणजे १ टक्का. तिथल्याच नेक्टर योजनेत सेन्सबरीज या सुपरमार्केटमध्ये १ पौंडाला १ पॉइंट, पण २०० पॉइंटांचा १ पौंड, म्हणजे अर्धा टक्का. ऑस्ट्रेलियातल्या फ्लायबाइज आणि एव्हरीडे रिवॉर्ड्स या दोन्ही योजनांत साधारणपणे १ डॉलरला १ पॉइंट आणि २,००० पॉइंटांचे १० डॉलर, म्हणजे पुन्हा अर्धाच टक्का. दोन हजार पॉइंट जमले की माणूस हरखतो, आणि त्यामागचा दोन हजार डॉलरचा खर्च विसरतो.

शिवाय पॉइंटांची किंमत ठरवणं तुमच्या हातात नसतं. सेन्सबरीजने एप्रिल २०१५ मध्ये पौंडाला २ असलेले नेक्टर पॉइंट १ वर आणले. ग्राहकाने काहीही न बदलता त्याचा परतावा एका दिवसात निम्मा झाला. कंपनीच्या वहीत न वटवलेले पॉइंट हे ग्राहकाला द्यायचं देणं म्हणून धरावे लागतात. २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १५ या लेखामानकात ते स्पष्टच आहे. त्यातले किती कधीच वटवले जाणार नाहीत याचा अंदाजही त्यात आधीच धरलेला असतो. म्हणून माझा नियम: पॉइंट साठवायचे नाहीत. वटवण्याइतके झाले की पुढच्या बिलात उडवायचे. ‘मोठ्या ट्रिपसाठी’ पॉइंट जमवणारे एक नातेवाईक आहेत आमचे; त्यांची ट्रिप दरवर्षी आणखी लांब जाते.

सूट मात्र खरेदीच्या क्षणी हातात पडते आणि नंतर कुणी ती काढून घेऊ शकत नाही. आता प्रश्न असा की सुपरमार्केट ही सूट देतंच कशाला? या धंद्यात निव्वळ नफा विक्रीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असतो. त्यातून चार टक्के सोडणं म्हणजे वेडेपणा वाटतो. पण पैसे त्यांच्या हातात आधी येतात आणि माल नंतर जातो. कार्ड संपवायला म्हणून माणूस त्याच दुकानात येतो, शेजारच्या दुकानात जात नाही. कार्डावर शंभर असतील तर बिल हमखास शंभराच्या वर जातं. आणि काही कार्डं कपाटात, मेलमध्ये, जुन्या फोनमध्ये पडून राहतात. पण किराण्यात नफाच थोडा, म्हणून किराण्याच्या कार्डांवर सूट कमी आणि कपड्यांच्या किंवा हॉटेलांच्या कार्डांवर जास्त मिळते. तिथे नफ्याला वाव मोठा असतो.

यातला तिसरा मुद्दा, कार्डापेक्षा जास्त बिल होणं, माझ्या पावत्यांतही दिसला. कार्ड असलं की ‘हे तर आधीच दिलेले पैसे’ असं मन म्हणतं आणि ट्रॉलीत एक-दोन जिन्नस जास्तीचे पडतात. दोन टक्के वाचवायला गेलं की पाच टक्के जास्त खर्च व्हायला वेळ लागत नाही. यावर मला लागू पडलेला उपाय असा: यादी आधी, कार्ड नंतर. आठवड्याचं बिल साधारण किती होतं ते ठाऊक असतं, त्याहून थोडं कमी रकमेचंच कार्ड घ्यायचं. म्हणजे कार्ड एका फेरीत संपतं आणि वरचे पैसे नेहमीच्या क्रेडिट कार्डातून जातात.

कार्ड एका फेरीत संपणं का महत्त्वाचं, ते काउंटरवर कळतं. संध्याकाळची गर्दी, मागे सहा-सात माणसं. सेल्फ चेकआउटच्या पडद्यावर गिफ्ट कार्डाचं बटण समोर नसतं, ‘पैसे देण्याचे इतर मार्ग’ या पानात लपलेलं असतं. ते उघडलं, फोनवरचा बारकोड धरला, मशीन वाचेना. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला, फोन आडवा केला, उभा केला. तोवर लाल दिवा लागला आणि मदतनीस मुलगी आली. तिने माझा फोन हातात घेऊन तो लांबलचक नंबर एकेक आकडा वाचत टाइप केला. मग पिन. पिन बारकोडच्या खाली, स्क्रीन खाली सरकवली की दिसतो. आणि तळघरातल्या त्या दुकानात नेटवर्कचा पत्ता नाही, त्यामुळे पान पुन्हा उघडेना. कार्ड मेलवर येताच नंबर, बारकोड आणि पिन एकत्र दिसतील असा स्क्रीनशॉट काढून ठेवलेला होता म्हणून निभावलं. पावतीवर शेवटी छापून आलं: कार्डावरील शिल्लक ०.३७.

अशा शिल्लका साबणाच्या चिपट्यांसारख्या असतात, टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत. बहुतेक ठिकाणी एका बिलात दोन-तीन कार्डं लावता येतात, पण किती लावता येतील यावर मर्यादा असू शकते. आधी विचारलेलं बरं. मी आता जुनी शिल्लक आधी लावते, मग नवं कार्ड, मग उरलेलं क्रेडिट कार्डातून. हा क्रम उलटा झाला की शिल्लक तशीच राहते.

कार्ड रिकामं झालं म्हणून लगेच फेकू किंवा डिलीट करू नका. वस्तू परत केली तर पैसे सहसा ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने परत येतात, म्हणजे त्याच गिफ्ट कार्डावर. आम्ही एक बिघडलेली इलेक्ट्रिक किटली परत केली, तेव्हा जुनं कार्ड फोनमध्ये असल्यामुळे काम पाच मिनिटांत झालं. आमच्या पुढच्या गृहस्थांकडे कार्ड नव्हतं. त्यांना मॅनेजरची वाट बघत बसावं लागलं. घरपोच ऑर्डरला तर मी गिफ्ट कार्ड लावणं बंदच केलंय. ऑर्डर देताना एक रक्कम, सामान येतं तेव्हा दोन वस्तू संपलेल्या, वजनावरच्या वस्तूंचं वजन थोडं इकडेतिकडे, आणि परतावा तुकड्या-तुकड्यांत आधीच्या कार्डावर जमा. कुठल्या कार्डावर किती आले याचा माग काढत बसणं दोन टक्क्यांच्या लायकीचं नाही.

एका विक्रेत्याचा अनुभव वाईट होता, नाव घेत नाही. मेलवर आलेला कोड दुकानात लावला तर शिल्लक शून्य. विक्रेता म्हणे दुकानाला विचारा, दुकान म्हणे ज्याने विकलं त्याला विचारा. शेवटी पैसे मिळाले, पण मेलाची साखळी वाचायला आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. तिथून पुढे कोड आला की लगेच दुकानाच्या संकेतस्थळावर शिल्लक तपासते, शिल्लक दिसतेय तो स्क्रीनशॉट तारखेसह ठेवते. दुय्यम बाजारात, म्हणजे अनोळखी माणसाकडून जास्तीच्या सवलतीत मिळणारी कार्डं मी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका. विकणाऱ्याकडे नंबर आणि पिन तसाच राहतो. दुकानात टांगलेल्या प्लॅस्टिक कार्डांतही भामटे खरवडायची पट्टी काढून नंबर टिपतात, वर नवी पट्टी चिकटवतात आणि कुणीतरी कार्ड सक्रिय करण्याची वाट बघतात. पट्टीची कड उचललेली किंवा पाकीट पुन्हा चिकटवल्यासारखं वाटलं तर दुसरं घ्या. आणि कुणी फोनवर कर, दंड किंवा बिलाची थकबाकी गिफ्ट कार्डाने भरायला सांगत असेल तर तो शंभर टक्के लुबाडणारा, हे घरातल्या ज्येष्ठांना नक्की सांगून ठेवा.

आता अडकलेल्या पैशांचं. गिफ्ट कार्ड घेणं म्हणजे दुकानाला बिनव्याजी आणि बिनतारण उसने पैसे देणं. दुकान बुडालं तर रांगेत तुमचा नंबर बँकांच्या मागे. ऑस्ट्रेलियात डिक स्मिथ ही इलेक्ट्रॉनिक्सची साखळी जानेवारी २०१६ मध्ये कोसळली तेव्हा गिफ्ट कार्डं चालणार नाहीत असं जाहीर झालं. अमेरिकेत टॉइज आर अस ही खेळण्यांची साखळी २०१८ मध्ये दुकानं बंद करायला निघाली तेव्हा कार्डं वापरायला ३० दिवस दिले. मोठी सुपरमार्केट सहसा एवढ्या झटक्यात बुडत नाहीत, तरी वर्षभराचा किराणा कार्डांत कोंडून ठेवण्यात काय शहाणपण? चार टक्के सूट असो की सहा, माझ्याकडे एका वेळी फार तर महिन्याभराच्या सामानाची कार्डं असतात.

मुदतीचे नियम देशोदेशी वेगळे. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्याने गिफ्ट कार्डावरचे पैसे किमान ५ वर्षं टिकले पाहिजेत. ऑस्ट्रेलियात १ नोव्हेंबर २०१९ पासून विकलेल्या कार्डांना किमान ३ वर्षं. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार गिफ्ट प्रकारच्या प्रीपेड साधनावर (म्हणजे आधी पैसे भरलेल्या कार्डावर किंवा व्हाउचरवर) जास्तीत जास्त १०,००० रुपये असू शकतात आणि त्यात पुन्हा भरणा करता येत नाही; मात्र एकाच दुकानाचं, तिथेच चालणारं कार्ड रिझर्व्ह बँकेच्या परवानगीच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे तिथे दुकानाच्या अटी वाचाव्याच लागतात. एक बारकावा सगळीकडे: ‘अमुक रकमेच्या खरेदीवर कार्ड मोफत’ म्हणून मिळालेल्या कार्डाची मुदत बरेचदा खूपच तोकडी असते. ती दिसायला विकत घेतलेल्या कार्डासारखीच असतात. ती आधी संपवायची.

वेळेचं म्हणाल तर सुरुवातीला बराच गेला. कुठला विक्रेता, कुठला कोड, कुठली अट. घडी बसल्यावर महिन्याला अर्धा तास पुरतो. नोंदीसाठी अ‍ॅप-बिप काही लागलं नाही. वहीत चार रकाने आहेत: कार्डाचे शेवटचे चार आकडे, दर्शनी किंमत, दिलेले पैसे, शिल्लक. मुलगी एकदा बघून म्हणाली, आई हे तर दुकानदाराचं खातं वाटतंय.

कुणी या भानगडीत पडू नये? ज्यांच्याकडे सुपरमार्केटच्या खरेदीवर चार-पाच टक्के देणारं क्रेडिट कार्ड आहे, त्यांनी वजाबाकी करून बघावी. बहुतेकदा काही उरत नाही. जे दर आठवड्याला जिथे स्वस्त तिथे जातात त्यांनीही नको, कारण एका दुकानाचं कार्ड हातात असलं की दुसरीकडची चांगली ऑफर सोडून द्यावी लागते आणि तिथे सूट केव्हाच वाहून जाते. क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण न भरता पुढे ढकलणाऱ्यांनी तर बिलकुल नाही; तिथलं व्याज या टक्क्यांच्या कितीतरी पुढे असतं. नव्या क्रेडिट कार्डावर ठरावीक खर्च केल्यास मोठा बोनस मिळणार असेल आणि त्याला थोडासाच खर्च कमी पडत असेल, तर पुढच्या महिन्याचा किराणा गिफ्ट कार्डाने आधीच घेऊन ठेवणं मात्र उपयोगी पडतं. अर्थात ती बँक अशी खरेदी त्या खर्चात धरते की नाही, ते विचारून.

परवाच मेल आलाय की आमच्या पोर्टलवरची सूट पुढच्या महिन्यापासून चारवरून तीन टक्के होणार. माझा फायदा त्यामुळे जेमतेम एका टक्क्यावर येतो. मी वहीतली उरलेली कार्डं संपवून पुन्हा सरळ क्रेडिट कार्डाने बिल भरणार आहे. नवऱ्याला अजूनही तीन मिळतात, तो घेत राहणार. वही आता त्याच्याकडे.